अजून नाही

शारजातल्या नोकरीची पहिली दोन वर्षं मी एका माणसाच्या सहीची वाट बघण्यात घालवली. औद्योगिक क्षेत्रात आमचं वर्कशॉप होतं. क्रेनचे हुक, साखळ्या आणि वजन उचलायची इतर अवजारं बनवायची, तपासायची आणि गिऱ्हाइकाला द्यायची, हा धंदा. माझं काम कागदांचं. तपासणीचं सर्टिफिकेट टाइप करायचं, सही घ्यायची, फॅक्स करायचं. सही करणारे गृहस्थ मूळचे चिंचवडचे, साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक भिंग बाळगणारे. वर्कशॉपमधली तपासणी आणि सुरक्षा ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. सगळे त्यांना सर म्हणत. मीही आठ दिवस म्हटलं. मग त्यांच्या बायकोने मला आणि माझ्या नवऱ्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं, मला दोनदा आमटी वाढली, आणि सरांचे काका झाले.

ट्रक दारात उभा असे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत असे. मॅनेजर काचेतून माझ्याकडे बघत असे, जणू हुक मीच अडवून धरलाय. मी कागद घेऊन काकांपुढे उभी राही आणि विचारी, "काका, झालं का?"

काका भिंगातून मान वर न करता म्हणत, "अजून नाही."

हे दोन शब्द त्यांना कुठल्याही प्रश्नाला पुरत. चहा झाला? अजून नाही. मुलीचं कुठे जमलं? अजून नाही. तापातून उठल्यावर डॉक्टरने बरं वाटतंय ना म्हणून विचारलं, तर त्यालाही तेच. काकू सांगायच्या की त्यांना बघायला आले तेव्हा थोरल्या दिरांनी तिथेच विचारलं होतं, मुलगी पसंत आहे का, आणि या माणसाने पोह्यांची बशी हातात धरून हेच उत्तर दिलं होतं. होकार तिसऱ्या भेटीनंतर आला. काकूंनी तो राग नीट जपून ठेवला होता. पाहुणे आले की त्या तो चहाबरोबर बाहेर काढायच्या.

आमच्याकडे बाकी सगळा होकाराचा कारभार होता. फोरमन म्हणे हो जाएगा, मॅनेजर म्हणे नो प्रॉब्लेम, ट्रकवाला म्हणे इन्शाल्ला, आणि मी फोनवर बेधडक सांगे की हो हो, पाठवलंच. काकाच तेवढे नाही म्हणत. आणि चीड आणणारी गोष्ट अशी की त्यांचं बरोबर निघे. त्यांनी अडवलेल्या हुकात कुठेतरी केसाएवढी चीर असायचीच.

त्यांची दुसरी सवय नमस्काराची. दिवसात एखादं अवजार पहिल्यांदा हाती घेतलं की ते दोन्ही तळव्यांवर आडवं धरून कपाळाला लावायचं, मग कामाला सुरुवात. व्हर्नियर असो, पाना असो, मोजपट्टी असो, की खिशातलं पेन. चिंचवडला शिकाऊ म्हणून लागले तेव्हा तिथल्या मास्तरांनी कानफटात देऊन ही सवय लावली होती, असं ते अभिमानाने सांगत. एकदा माझ्या संगणकाचा माउस टेबलावरून लोंबकळत त्यांच्या बुटाला लागला, तर तो उचलून त्यांनी कपाळाला लावला आणि परत माझ्या हातात दिला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने हळूच आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

आता असा माणूस पिस्तूल घेऊन पळापळी करण्याच्या खेळात कसा शिरला, ते सांगते. दोष तपासणीचाच.

आमचा ब्रिटिश मॅनेजर अल ऐनकडच्या एका नेमबाजी क्लबात जायचा. तिथला खेळ म्हणजे एका जागी उभं राहून गोल चकत्यांवर नेम धरणं नव्हे. लाकडी भिंती, दारं, खिडक्या उभ्या केलेल्या असतात. त्यांतून चालत, वाकत, वळत जायचं आणि पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि लोखंडी पाट्या टिपायच्या. नेम आणि वेळ दोन्ही मोजतात; अशा एकेका मांडणीला स्टेज म्हणतात. क्लबाला अशा लोखंडी पाट्या हव्या होत्या, गोळी लागली की पडणाऱ्या आणि वाऱ्याने न पडणाऱ्या. त्या आम्ही बनवल्या. काका तपासायला गेले, मी कागद घेऊन बरोबर. काकांनी बिजागरी पाहिली, भिंग लावलं, हाताने ढकलून पाहिलं. क्लबवाल्याने विचारलं, ओके? काका म्हणाले, अजून नाही. गोळी लागून पडते की नाही हे गोळी मारल्याशिवाय कसं सांगू? आणि ती मी स्वतः मारणार, कारण सही माझी आहे.

कॉलेजात एनसीसीत रायफल धरलेला हा माणूस. क्लबाच्या प्रशिक्षकाने अर्धा तास शिकवलं आणि समोर उभं केलं. काकांनी सहा पाट्या पाडल्या, सातवीची बिजागरी घट्ट आहे म्हणून ती नापास केली, आणि परतीच्या वाटेवर गाडीत प्रथमच स्वतःहून बोलले. म्हणाले की या खेळात एक फार चांगली गोष्ट आहे. सुरुवातीला पंच विचारतो, आर यू रेडी? तयार असाल तर गप्प राहायचं, उत्तर द्यायचं नाही. नसाल तरच बोलायचं, आणि तेही फक्त दोन शब्द: नॉट रेडी. कुणी रागावत नाही, थांबतात.

मी म्हटलं, काका, हा खेळ तुमच्यासाठीच काढलाय.

त्यांनी मेंबरशिप घेतली. मी सोबत म्हणून जायला लागले आणि मलाही नाद लागला. काकू डबा घेऊन मागच्या सीटवर. शुक्रवार सकाळ म्हणजे रेंज, असं वर्षभर चाललं. क्लबात पिस्तुलं टेबलावर मांडून ठेवलेली असत. काका आपलं उचलण्याआधी वाकून त्याला बोटं लावत आणि ती कपाळाला नेत. पिस्तूल टेबलावरच, नळी मातीच्या बांधाकडे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. तिथेच आमचं चुकलं.

वर्षाच्या शेवटी राष्ट्रीय स्पर्धा आली. स्पर्धेच्या सकाळी अल ऐनच्या रस्त्यावर इतकं धुकं होतं की पुढच्या गाडीचा दिवा दिसेना. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या तुकडीला हाक मारून झाली होती. प्रशिक्षकाने घाईघाईने काकांचं पिस्तूल स्वतःच त्यांच्या कमरेच्या होल्स्टरमध्ये अडकवलं आणि म्हणाला, यल्ला, यल्ला. टेबलही राहिलं आणि नमस्कारही राहिला.

आमच्या तुकडीचे पंच अल ऐनचेच, निवृत्त पोलिस अधिकारी, पांढरी दाढी, काळी टोपी. आज्ञा इंग्रजीत देत, आमच्याशी बोलताना हिंदीत, आणि प्रत्येकाला सदीक, म्हणजे दोस्त, म्हणत. त्यांनी आज्ञा दिली, लोड अँड मेक रेडी. काकांनी पिस्तूल बाहेर काढलं. दिवसात पहिल्यांदाच ते त्यांच्या हातात आलं होतं. डावा तळवा त्याच्याखाली गेला, पिस्तूल दोन्ही हातांवर आडवं झालं आणि सावकाश कपाळाला लागलं. नळी डावीकडे, थेट आम्हा सगळ्यांच्या दिशेने.

"स्टॉप," पंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

त्यांनी पिस्तूल खाली करवलं, पाहिलं. त्यात गोळ्यांचं मॅगझिन घातलेलंच नव्हतं. मग ते काकांजवळ गेले आणि खरोखर कुतूहलाने विचारलं, "सदीक, ये क्या किया? इसको चूमा?"

"नहीं साब," काका म्हणाले, "नमस्ते किया."

नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली की खेळाडू बाद, पिस्तूल भरलेलं असो की रिकामं. पूर्ण स्पर्धेतून बाद. काकांनी एक गोळीही झाडली नव्हती. मॅनेजर तावातावाने म्हणाला की अपील करू, रिकामं होतं, कुणाला धोका नव्हता. काका त्याला म्हणाले की रिकामं होतं हे मला माहीत होतं, बाजूला उभ्या असलेल्यांना कुठे माहीत होतं? पंचांचा निर्णय बरोबर आहे.

बाद झालेला माणूस सहसा घरी जातो. काका दिवसभर उन्हात राहिले आणि आम्ही टिपलेल्या पुठ्ठ्यांची भोकं चिकटपट्टीने बुजवत फिरले, एकेक भोक अंगठ्याने दाबून. परतताना काकूंनी गाडीत डबा उघडला आणि विचारलं, जेवताय ना? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, अजून नाही. ते शब्द मी हजारदा ऐकले होते, पण त्या दिवशी ऐकून मला रडू आलं.

हरल्याचं दुःख नव्हतं ते. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे आकडा होता आणि काकांच्या नावापुढे 'सुरक्षा नियमभंग'. आमच्या वर्कशॉपमध्ये ज्याने गॉगल विसरलेल्या वेल्डरला घरी पाठवलं, त्याच्या नावापुढे.

शनिवारी कामावर आल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे एक फॉर्म टाकला. एखाद्या मालात खोट निघाली की आम्ही जो अहवाल भरायचो, तोच. मालाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. पुढे खोट काय ते लिहिलेलं, आणि मग 'मूळ कारण'. तिथे त्यांना संस्कार हा शब्द हवा होता आणि त्याला इंग्रजी शब्द सापडेना. मी 'हॅबिट' टाइप केलं. कागद परत आला. म्हणाले की हॅबिट सिगरेटची असते. मी दुसरा शब्द सुचवला, तोही परत. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, लिही: कारण, चांगलं शिक्षण. 'सुधारणेचा उपाय' हा रकाना मात्र कोराच राहिला. मी म्हटलं, त्यात काय, लिहा की नमस्कार टेबलावरच करावा. ते म्हणाले, टेबल नसेल तर? हा उपाय नव्हे, ही पळवाट. मग तो अर्धा कोरा अहवाल त्यांनी वर्कशॉपच्या फलकावर लावला, सगळ्यांना दिसेल असा. तारखेच्या जागी पेन्सिलीने लिहिलं होतं, अजून नाही.

लोक हसले. चार दिवसांनी हसायचे थांबले, आणि गॉगल विसरणारेही कमी झाले.

पुढच्या मार्चमध्ये काकांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. साठ झाली की व्हिसा संपणार आणि ते चिंचवडला परत जाणार; तिथे हा खेळ नव्हता. स्पर्धा फेब्रुवारीत. म्हणजे एकच संधी उरली होती. मला त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं की नंबर नको, कप नको. एक स्पर्धा पहिल्या स्टेजपासून शेवटच्या स्टेजपर्यंत पुरी करायची आणि यादीत नावापुढे आकडा बघून विमानात बसायचं.

त्यांनी घरी लाकडाचं पिस्तूल कोरलं. उजव्या कोपराला दोरी बांधून ती पट्ट्याला बांधली, म्हणजे हात छातीवर जाणार नाही. काकू लाटणं घेऊन मागे उभ्या, हात वर गेला की खांद्यावर टोला. दोरी दोनदा तुटली. काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "इतक्या वर्षांत ओला टॉवेल पलंगावर टाकायचं सुटलं नाही, हे काय सुटणार?"

स्पर्धेचा दिवस आला. या वेळी आम्ही अंधारातच निघालो आणि गेट उघडायच्या आधी पोचलो. काकांनी टेबलापाशी शांतपणे नमस्कार केला. पंच तेच होते. त्यांनी काकांना ओळखलं आणि हसले. आठ स्टेज होत्या. काका धावत नसत, चालत. हुक तपासावा तसं प्रत्येक लक्ष्य बघून मगच गोळी सोडत. वेळ जाई, पण गोळी वाया जात नसे. एक झाली, दोन झाल्या, सात झाल्या. मी मनातल्या मनात मोजत होते आणि काकू मागे छत्रीखाली बसून उघड मोजत होत्या.

सातव्या स्टेजच्या अखेरीस पिस्तुलाची स्प्रिंग तुटली. नियमाप्रमाणे परवानगी घेऊन बदली पिस्तूल आणावं लागलं. प्रशिक्षकाने धावत जाऊन क्लबाचं दुसरं पिस्तूल आणलं, टेबलापाशी काकांच्या होल्स्टरमध्ये अडकवलं, आणि त्याच वेळी काकांच्या नावाची हाक आली. नवं अवजार, हात न लावलेलं. मी बघितलं आणि मला धुक्यातली ती सकाळ आठवली. ओरडून सांगावंसं वाटलं, पण खेळाडू रेषेवर गेल्यावर मागच्यांनी बोलायचं नसतं.

लोड अँड मेक रेडी.

काकांनी पिस्तूल काढलं. डावा तळवा खाली आला. पिस्तूल छातीपर्यंत वर चढलं, नळी अजून समोरच होती, आणि तिथे ते थांबलं. पंचांनी एक पाऊल पुढे टाकलं, हात अर्धा उचलला, पण स्टॉप म्हटलं नाही. मग पिस्तूल इंचाइंचाने खाली आलं. काकांनी मॅगझिन घातलं, पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवलं आणि हात बाजूला सोडले.

"आर यू रेडी?"

"नॉट रेडी," काका म्हणाले.

पंचांनी विचारलं, "क्या हुआ, सदीक?"

काका समोरच बघत होते. "साब, इसको आज पहली बार हाथ में लिया. नमस्ते बाकी है. पहले खाली करूंगा, फिर नमस्ते, फिर वापस शुरू से. आप हुकूम दो तो."

दुपारचे दोन वाजले होते. आमच्या तुकडीतली दहा-बारा माणसं उन्हात उभी, सगळ्यांना भूक लागलेली. मागून कुणीतरी सुस्कारा टाकला. पंचांनी दाढीवरून हात फिरवला, घड्याळ पाहिलं नाही, आणि रीतसर आज्ञा दिली: पिस्तूल रिकामं करा, दाखवा, होल्स्टरमध्ये ठेवा. काकांनी सगळं केलं. मग पंच हिंदीत म्हणाले की आता करा, फक्त पिस्तुलाला हात नको. काका वाकले, पायाजवळच्या वाळूला दोन्ही हातांची बोटं लावली, ती कपाळाला नेली आणि डोळे मिटून क्षणभर उभे राहिले. हसलं कुणीच नाही.

"खलास?" पंचांनी विचारलं.

"खलास."

पुन्हा पहिल्यापासून. लोड अँड मेक रेडी. काकांचे हात या वेळी सुताराच्या हातांसारखे चालले, नेमके आणि बिनघाईचे. पिस्तूल होल्स्टरमध्ये गेलं. हात बाजूला.

"आर यू रेडी?"

काका गप्प राहिले.

मी त्यांना इतकी वर्षं प्रश्न विचारत आले होते. हुकाचे, चहाचे, सह्यांचे. तयार आहे असं उत्तर त्यांनी तेव्हा, तसं गप्प राहून दिलं.

स्टँड बाय. भोंगा वाजला. काका चालत दारातून गेले, खिडकीत वाकले, भिंतीला वळसा घातला. पुठ्ठे झाले. शेवटी एक लोखंडी पाटी उरली, आमच्याच वर्कशॉपची. गोळी जरा खाली लागली. पाटी डुलली, विचार केल्यासारखी थांबली, आणि पडली. मागून काकूंचा आवाज आला, "सही कुणाची आहे तिच्यावर!"

शेवटून सहावा नंबर आला. नावापुढे आकडा होता. मॅनेजरने मिठी मारली. काकांनी यादी भिंगातून पाहिली, आधी स्वतःची ओळ आणि मग सगळी, आणि बेरजेतली एक चूक दाखवून दिली. ती सुधारल्यावर त्यांचा नंबर एकाने खाली गेला. पंच त्यांच्याशी हात मिळवायला आले, तेव्हा दोघं बराच वेळ हात धरून उभे होते. परतताना काकूंनी डबा उघडला आणि प्रश्न न विचारताच त्यांच्या हातात धपाटा दिला. त्यांनी तीन खाल्ले.

शनिवारी काकांनी फलकावरचा अहवाल काढून माझ्याकडे आणला. म्हणाले, हा बंद करायचा, टाइप कर. 'सुधारणेचा उपाय' या कोऱ्या रकान्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: नमस्कार बंद केलेला नाही. त्यासाठी वेळ मागून घेतला.

मी टाइप केलं. दोनच ओळी, किती वेळ लागणार. कागद प्रिंटरमधून बाहेर आला. खाली सहीची जागा होती. काकांनी खिशातून पेन काढलं, कपाळाला लावलं आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले. त्या सहीनंतर त्यांचं आमच्याकडे अडलेलं असं काही उरत नव्हतं. पुढच्या महिन्यात सामान बांधणार होते. शुक्रवारचा डबा, मागच्या सीटवरच्या काकू, दारात हॉर्न वाजवणारा ट्रक, सगळं मला एकदम दिसलं, आणि त्यांनी जाऊ नये असं इतकं वाटलं की मी कागद पालथा घालून त्यावर हात ठेवला.

"झालं का गं?" काकांनी विचारलं.

मी मान वर न करता म्हटलं, "अजून नाही."